विंड ऑर्केस्ट्राची ध्वनिमुद्रिका कशी ऐकावी: नवख्या श्रोत्यांसाठी

पाश्चात्त्य संगीताची ओळख करून घेऊ इच्छिणारा मराठी श्रोता बहुधा बेथोव्हेन किंवा मोझार्टच्या सिंफनीपासून सुरुवात करतो, आणि विंड ऑर्केस्ट्रा त्याच्या वाटेत फार उशिरा येतो किंवा येतच नाही. व्हायोलिन, व्हिओला, चेलो यांचा ताफा वगळून बासरी, ओबो, क्लॅरिनेट, बसून, सॅक्सोफोन, हॉर्न, ट्रम्पेट, ट्रॉम्बोन, युफोनियम, ट्यूबा आणि तालवाद्ये यांनी मिळून वाजवायचा हा वाद्यवृंद आहे. सिंफनी ऑर्केस्ट्रात व्हायोलिनचा समूह जे काम करतो, ते इथे मुख्यतः क्लॅरिनेटचा समूह करतो. लष्करी आणि पोलिसांच्या बँडमुळे, त्याचप्रमाणे लग्नाच्या वरातींमुळे, यातली बरीच वाद्ये आपल्याकडे रस्त्यावरच्या माणसालाही ओळखीची आहेत. मात्र सभागृहात बसून ऐकण्यासाठी लिहिलेल्या रचना ती वाजवू लागली की कान नेमका कुठे लावायचा, हे नवख्याला उमगत नाही.

या लेखात एकच ध्वनिमुद्रिका घेऊन ती कशी ऐकावी हे क्रमाने सांगितले आहे. फ्रेडरिक फेनेल या अमेरिकन संचालकाने क्लीव्हलंड सिंफॉनिक विंड्स या वाद्यवृंदासह एप्रिल १९७८ मध्ये क्लीव्हलंडच्या सेव्हरन्स हॉलमध्ये केलेले हे ध्वनिमुद्रण टेलार्क कंपनीने प्रसिद्ध केले. इंग्रज संगीतकार गुस्ताव होल्स्टचे दोन सुइट (अनेक छोट्या भागांची मिळून झालेली रचना म्हणजे सुइट), हँडेलचे ‘रॉयल फायरवर्क्स’चे संगीत आणि बाखची जी मेजरमधली फँटेसिया (मुक्त बांधणीची रचना) अशा एकमेकींशी फारसे नाते नसलेल्या रचना तिच्यात एकत्र आहेत. वादक प्रामुख्याने क्लीव्हलंड ऑर्केस्ट्राच्या सुषिर आणि तालवाद्यांच्या विभागांतले होते. अमेरिकेत डिजिटल पद्धतीने झालेल्या अगदी सुरुवातीच्या व्यावसायिक सिंफॉनिक ध्वनिमुद्रणांत हिची गणना होते. टॉमस स्टॉकहॅम यांच्या साउंडस्ट्रीम यंत्रावर सेकंदाला ५०,००० वेळा आवाजाचे मोजमाप होत होते, परंतु कॉम्पॅक्ट डिस्क बाजारात येण्यास आणखी चार वर्षे होती, त्यामुळे लोकांच्या हाती ती आधी एलपी तबकडीच्या रूपानेच पडली.

संपूर्ण लेखाचे सूत्र आधीच सांगून ठेवतो: हे संगीत खालून वर ऐकावे. आपला कान वरच्या चालीमागे धावण्यास सरावलेला असतो, कारण आपल्या बहुतेक संगीतात एक गळा किंवा एक वाद्य पुढे असते आणि बाकीचे साथीला असतात. विंड ऑर्केस्ट्रात मुख्य घटना पुष्कळदा तळाशी, ट्यूबा आणि युफोनियमच्या पातळीवर घडते, आणि ती निसटली की वरचा भाग नुसता गोंगाट वाटू लागतो.

पायरी १: नेमकी ध्वनिमुद्रिका शोधणे

संगीत ऐकवणाऱ्या अॅपमध्ये नुसते ‘होल्स्ट’ असे शोधल्यास ‘द प्लॅनेट्स’ या त्याच्या प्रसिद्ध रचनेची डझनावारी ध्वनिमुद्रणे समोर येतात आणि बँडसाठीचे सुइट कुठेतरी तळाशी राहतात. म्हणून शोधताना तीन नावे एकत्र द्यावीत: संगीतकार होल्स्ट, संचालक फेनेल आणि वाद्यवृंद क्लीव्हलंड सिंफॉनिक विंड्स. फेनेलने हेच सुइट इतर वाद्यवृंदांसहही वाजवून घेतलेले असल्यामुळे वाद्यवृंदाचे नाव विशेष महत्त्वाचे आहे. सुइटचा प्रत्येक भाग अॅपमध्ये स्वतंत्र ट्रॅक म्हणून दिसतो. पहिल्या सुइटचे तीन आणि दुसऱ्याचे चार ट्रॅक क्रमाने आहेत ना, हे आधी पाहून घ्यावे.

त्यानंतर अॅपच्या सेटिंगमध्ये जाऊन तीन गोष्टी बंद कराव्यात. पहिली म्हणजे ट्रॅकचा क्रम बदलणारे शफल. दुसरी, एक ट्रॅक संपता संपता त्याच्यावर दुसरा चढवणारी क्रॉसफेडची सोय. तिसरी, सगळ्या ट्रॅकचा आवाज एका पातळीवर आणणारी सोय. ही सोय काही अॅपमध्ये हळू आणि मोठ्या आवाजातले अंतरच कमी करते, आणि या ध्वनिमुद्रिकेचा निम्मा आनंद त्या अंतरातच आहे.

पायरी २: ऐकण्याचे साधन आणि आवाजाची पातळी

मोबाइलच्या स्वतःच्या स्पीकरवर ही ध्वनिमुद्रिका ऐकू नये, हे निक्षून सांगावेसे वाटते. ट्यूबाचे खालचे स्वर शंभर हर्ट्झच्याही खाली जातात, आणि मोबाइलचा नखाएवढा स्पीकर त्या पातळीवर जवळजवळ मुका असतो. आपला मेंदू वरच्या उपस्वरांवरून मूळ स्वराचा अंदाज बांधतो खरा, परंतु त्या स्वराचे वजन त्याला निर्माण करता येत नाही. मोठ्या ड्रमचे तर विचारूच नका. ही ध्वनिमुद्रिका हाय-फायच्या शौकिनांमध्ये गाजली ती या ड्रममुळेच, आणि लहान स्पीकरवर तो पुठ्ठ्याच्या खोक्यावर थाप मारल्यासारखा येतो. कान पूर्ण झाकणारा साधा, तारेचा हेडफोन पुरेसा आहे. महागडी यंत्रणा नसली तरी चालेल, मात्र ‘बास बूस्ट’ लावून उणीव भरून काढण्याचा मोह टाळावा, कारण त्यामुळे ट्यूबा, बसून आणि ड्रम यांचा एकच लगदा होतो.

आवाज ठरवण्याची पद्धत अशी. पहिल्या सुइटचा तिसरा भाग, म्हणजे मार्च, आधी लावावा. त्याच्या आरंभीच ब्रास, म्हणजे ट्रम्पेट, ट्रॉम्बोन यांसारखी पितळी वाद्ये, आणि तालवाद्ये एकदम उसळतात. तो आवाज भरदार वाटेल पण कानाला टोचणार नाही, अशा ठिकाणी पातळी पक्की करावी आणि मगच पहिल्या भागाकडे वळावे. पहिला भाग अगदी हलक्या आवाजात सुरू होतो. त्या वेळी ऐकू येत नाही म्हणून आवाज वाढवणारा श्रोता पाच मिनिटांनी दचकून हेडफोन काढतो. एकदा ठरवलेल्या पातळीला रचना संपेपर्यंत हात लावू नये.

पायरी ३: फक्त शकोन, आणि तोही वारंवार

होल्स्टचा पहिला सुइट १९०९ सालचा, ई-फ्लॅट स्वरातला. त्याच्या पहिल्या भागाचे नाव शकोन, म्हणजे एकच छोटी चाल पुन्हा पुन्हा फिरवून तिच्यावर उभारलेली रचना. नवख्याने पहिल्या दिवशी एवढा एकच भाग ऐकावा, असे माझे स्पष्ट मत आहे, कारण विंड ऑर्केस्ट्रा ऐकण्याचे जवळपास सगळे शिक्षण त्यात सामावलेले आहे.

सुरुवातीला ट्यूबा आणि युफोनियम एक चाल वाजवतात, आणि तिच्यावर दुसरे काहीही नसते. ई-फ्लॅटला षड्ज मानल्यास तिचे पहिले तीन स्वर सा, रे आणि वरचा शुद्ध धैवत असे आहेत. रे वरून ध वर घेतलेली ही झेप लक्षात ठेवण्यास सोपी आहे, आणि पुढे ती वारंवार ओळखावी लागणार असल्यामुळे पहिल्या ऐकण्यात ती गुणगुणून पक्की करावी. चाल आठ मापांची आहे आणि प्रत्येक मापात तीन मात्रा आहेत, म्हणजे एकूण चोवीस मात्रांचे एक आवर्तन होते. आठव्या मापाच्या शेवटी चाल पुन्हा पहिल्या स्वराकडे वळते आणि तेच आवर्तन नव्या वाद्यांवर सुरू होते. तबल्याच्या एकलवादनात सारंगी किंवा हार्मोनियमचा लेहरा ज्याप्रमाणे फिरत राहतो आणि त्याच्या आधारावर तबलजी निरनिराळे बोल बांधतो, त्याच रीतीने ही चाल फिरते. फरक इतकाच की इथे लेहरा एका वाद्याजवळ राहत नाही. तो ट्रॉम्बोनकडे जातो, हॉर्नकडे जातो, कधी वरच्या वाद्यांवर चढतो, आणि श्रोत्याने प्रत्येक वेळी तो कोणाच्या हाती आहे हे हुडकायचे असते.

दुसऱ्यांदा ऐकताना बोटांवर आवर्तने मोजावीत. वरच्या वाद्यांत काय चालले आहे याकडे मुद्दाम दुर्लक्ष करून केवळ सा-रे-ध कुठे सुरू होते, एवढेच पाहावे. पहिली काही आवर्तने सहज सापडतात. क्लॅरिनेट आणि बासऱ्या द्रुत स्वरांची सरबत्ती सुरू करतात, तिथे बहुतेक जण वाट चुकतात. त्या गर्दीत चाल खालच्या ब्रासमध्ये ठामपणे चालू असते, म्हणून कान वरून काढून तळाशी न्यावा. त्यानंतर आवाज एकाएकी ओसरतो. हॉर्न, सॅक्सोफोन अशी एकेक वाद्ये उरतात. याच शांत पट्ट्यात होल्स्ट चाल उलटी करतो: जिथे स्वर वर जात होते तिथे आता ते तेवढ्याच अंतराने खाली उतरतात, आणि वातावरण गंभीर होते. पहिल्या दोन-तीन प्रयत्नांत हे लक्षात न आल्यास खंत करू नये. त्यानंतर तळातून हळूहळू पुन्हा बांधणी होते आणि शेवटी संपूर्ण वाद्यवृंद, मोठ्या ड्रमसह, चालीचा जयघोष करतो.

होल्स्ट स्वतः व्यवसायाने काही वर्षे ट्रॉम्बोनवादक होता, वाद्यवृंदाच्या मागच्या रांगेत बसून त्याने उपजीविका केली होती. खालच्या वाद्यांना तो जी प्रतिष्ठा देतो तिचा उगम मला तिथे दिसतो. आपल्या वाचकांना आणखी एका गोष्टीचे कौतुक वाटेल. हा सुइट लिहिण्याच्या सुमारास तो संस्कृतच्या अभ्यासात बुडालेला होता; ऋग्वेदातील सूक्तांचे स्वतः इंग्रजी रूपांतर करून त्यांना तो चाली देत होता, आणि सत्यवान-सावित्रीच्या कथेवरची ‘सावित्री’ ही त्याची छोटी ऑपेराही त्याच काळातली आहे. अर्थात सुइटमध्ये भारतीय संगीत शोधू नये; ते तिथे नाही.

पायरी ४: पहिला सुइट सलग

आता इंटरमेझो हा दुसरा आणि मार्च हा तिसरा भाग जोडून सगळा सुइट ऐकावा. तो साधारण दहा-अकरा मिनिटांचा आहे. तिन्ही भाग एकाच स्वरवाक्यावर आधारलेले असल्यामुळे सुइट मध्ये न थांबता वाजवावा, अशी विनंती होल्स्टने केली होती, आणि श्रोत्यानेही ती पाळावी. इंटरमेझो हलकाफुलका, चटपटीत आहे. ओबो, लहान क्लॅरिनेट आणि आवाज दाबण्यासाठी वाद्याच्या तोंडाशी म्यूट लावलेला, ट्रम्पेटसारखा कॉर्नेट त्यात पुढे असतात. मार्चमध्ये मात्र कान टवकारावेत. ब्रासची पहिली चाल म्हणजे शकोनचे तीन स्वर उलटे केलेले आहेत, तर मधली, लांब श्वासाची चाल तेच स्वर सरळ घेऊन निघते, आणि अखेरीस या दोन्ही चाली एकाच वेळी एकमेकींवर वाजतात. ही जुळणी एकदा ऐकू आली की श्रोता नवखा राहत नाही.

पायरी ५: दुसरा सुइट

१९११ मधला, एफ स्वरातला हा सुइट इंग्लंडच्या लोकगीतांवर रचलेला आहे, त्यामुळे तो पहिल्यापेक्षा सोपा वाटतो. बांधणीच्या दृष्टीने मी पहिल्याला वरचढ मानतो, परंतु वाद्यांची ओळख करून घेण्यासाठी दुसराच अधिक उपयोगी आहे, कारण यात प्रत्येक वाद्याला मोकळी जागा दिलेली आहे.

पहिल्या भागात ‘स्वॉन्सी टाउन’ या गीताची चाल युफोनियम एकट्याने वाजवते. युफोनियम हे मांडीवर उभे धरण्याचे, ट्यूबापेक्षा लहान पितळी वाद्य आहे. त्याचा आवाज पुरुषाच्या मध्यम पट्टीतल्या गळ्याशी मिळताजुळता, गोल आणि किनार नसलेला असतो. हाच तुकडा चार-पाच वेळा ऐकल्यास पुढे कुठल्याही गर्दीत हे वाद्य ओळखता येते. दुसरा भाग संथ आहे. प्रियकराला आईवडिलांनी समुद्रावर धाडल्यामुळे वेडी झालेल्या मुलीचे हे गीत आहे. तिसऱ्या भागात लोहाराचे गाणे आहे, आणि त्यात खऱ्याखुऱ्या ऐरणीवर घाव घातले जातात. घरात लहान मुले असतील तर सुरुवात या भागापासून करण्यास हरकत नाही.

चौथा भाग सर्वांत जवळून पाहण्याजोगा आहे. ‘डार्गसन’ ही आठ मापांची जुनी नृत्याची चाल अशी बांधलेली आहे की तिला शेवटच नाही. संपली असे वाटते तोच ती पुन्हा सुरू झालेली असते. सॅक्सोफोन ती एकट्याने सुरू करतो. वाद्ये वाढत जातात, आणि ती द्रुत लय जराही न मोडता ‘ग्रीनस्लीव्ह्ज’ ही संथ, प्रसिद्ध चाल तिच्यावर येऊन ठेपते. दोन्ही चाली एकत्र ऐकण्यासाठी आधी पायाने डार्गसनचा ठेका धरावा आणि मग कान संथ चालीकडे न्यावा. उलट क्रमाने हे जमत नाही. शेवटाकडे सगळा वाद्यवृंद गळून पडतो आणि उरतात दोनच वादक: सर्वांत उंच आवाजाचा पिकोलो आणि सर्वांत खर्जातला ट्यूबा. त्यांच्यामध्ये अनेक सप्तकांची मोकळी जागा असते. खोलीतला पंखा बंद करून ऐकल्यास त्या सभागृहाची हवाही ऐकू येते. त्यानंतर सर्वांचा मिळून एक स्वरसंघ कडाडतो आणि सुइट संपतो.

पायरी ६: हँडेल, थोडे बेताने

ऑस्ट्रियाच्या गादीवरून झालेले युद्ध १७४८ च्या तहाने मिटले, आणि त्याचा उत्सव म्हणून २७ एप्रिल १७४९ रोजी लंडनच्या ग्रीन पार्कमध्ये आतषबाजी ठेवण्यात आली. तिच्यासाठी हँडेलने हे संगीत लिहिले. राजा दुसऱ्या जॉर्जला रणवाद्ये हवी होती, तंतुवाद्ये नकोत असा त्याचा आग्रह होता. हँडेलच्या योजनेत २४ ओबो, १२ बसून, ९ ट्रम्पेट, ९ हॉर्न आणि तीन जोड्या टिंपनी होत्या. त्या रात्री आतषबाजीसाठी उभारलेल्या मंडपाच्या एका भागालाच आग लागली. पुढे सभागृहासाठी हँडेलने तंतुवाद्येही घेतली, आणि आज ही रचना बहुधा त्याच रूपात वाजते.

म्हणजे विंड ऑर्केस्ट्राने ती वाजवणे ही कोणतीही उसनवारी नाही. परंतु २४ ओबोंचा तो खरखरीत, झोंबणारा आवाज आणि आधुनिक बँडमधल्या क्लॅरिनेटचा गुळगुळीत आवाज यांत फार अंतर आहे, त्यामुळे या ध्वनिमुद्रिकेतला हँडेल मला थोडा गुबगुबीत वाटतो. नवख्याने ‘ला रेजुइसांस’ हा आनंदोत्सवाचा भाग आधी ऐकावा. त्यातली तीच ओळ एकदा ट्रम्पेट, एकदा हॉर्न अशी हातोहात जाते, ते टिपावे, आणि आरंभीचा लांबलचक भाग, म्हणजे ओव्हर्चर, नंतरसाठी ठेवावा.

पायरी ७: बाख

बाखची फँटेसिया मूळची चर्चमधल्या ऑर्गनसाठी आहे आणि इथे ती वाद्यवृंदासाठी रूपांतरित केलेली आहे. ऑर्गनच्या नळ्यांतूनही हवाच वाहत असल्यामुळे हे रूपांतर नैसर्गिक वाटते. यात गुणगुणण्याजोगी चाल शोधत बसू नये. एक स्वर मागे रेंगाळतो, खालचा बदलतो, दोघांमध्ये ताण येतो आणि मग रेंगाळलेला स्वर एक पायरी उतरतो. अशा ताणांची अखंड साखळी म्हणजे ही रचना. पहिल्या ऐकण्यात सगळा वेळ ट्यूबावर लक्ष ठेवावे. वादकांना श्वास घ्यावा लागतो आणि ऑर्गनला लागत नाही, तरीही ओळ कुठे तुटत नाही, कारण वादक आपापसात ठरवून वेगवेगळ्या ठिकाणी श्वास घेतात.

पायरी ८: तुलना

यापुढे याच संचालकाचे जुने ध्वनिमुद्रण मिळवावे. फेनेलने १९५२ मध्ये न्यूयॉर्क राज्यातील रॉचेस्टर येथील ईस्टमन संगीत विद्यालयात ईस्टमन विंड आँसाम्ब्ल स्थापन केला. अमेरिकेतील विद्यापीठांच्या मोठ्या बँडमध्ये एकेक ओळ अनेक वादक मिळून वाजवत असत. फेनेलने शक्य तिथे प्रत्येक ओळीला एकच वादक ठेवला. त्यामुळे आवाज आटोपशीर झाला आणि प्रत्येक वादक उघडा पडला. या वाद्यवृंदासह त्याने होल्स्टचे दोन्ही सुइट १९५०च्या दशकात मर्क्युरी कंपनीसाठी ध्वनिमुद्रित केले. दोन्ही ध्वनिमुद्रणांतील शकोन पाठोपाठ लावून तीनच गोष्टी तपासाव्यात: आरंभीची चाल किती वेगाने जाते, द्रुत स्वरांच्या गर्दीत तळाची चाल किती स्पष्ट राहते, आणि शेवटचा स्वर थांबल्यावर सभागृहात त्याची आस, म्हणजे गुंज, किती वेळ रेंगाळते. ईस्टमनचे वादन मला अधिक चपळ आणि कोरडे वाटते, क्लीव्हलंडचे अधिक भरदार. दोन्हींपैकी एकच ठेवायचे झाल्यास मी क्लीव्हलंडचे ठेवीन, आणि त्याचे कारण तो ड्रम नसून ट्यूबा आहे.

प्रत्यक्ष वादन ऐकण्याची संधी महाराष्ट्रातही मिळते. डिसेंबरच्या सुरुवातीला नौदल दिनाच्या निमित्ताने मुंबईत गेटवे ऑफ इंडियाजवळ नौदलाचा बँड वाजतो, आणि पोलीस बँड तर राष्ट्रीय सणांच्या संचलनात दिसतोच. मोकळ्या मैदानात आस मिळत नाही आणि खर्जाचे स्वर विरून जातात, म्हणून अशा वेळी बँडच्या समोर लांब उभे राहण्यापेक्षा युफोनियम आणि ट्यूबा ज्या बाजूला असतील तिकडे जवळ सरकावे. वादकांच्या गालांकडे न पाहता बोटांकडे पाहावे. बहुतेक ब्रास वाद्यांना तीन-चारच व्हॉल्व्ह असतात, तरीही एकाच बोटाच्या ठेवणीतून ओठांच्या ताणावर अनेक स्वर निघतात. हे एकदा डोळ्यांनी पाहिले की ध्वनिमुद्रिकेतील ब्रासचे निसरडे, अवघड प्रवेशही ओळखू येऊ लागतात. त्यानंतर ट्यूबावादकाने मोठा श्वास घेतला की पुढचा स्वर त्याच्याकडून येणार हे आधीच कळते, आणि शकोनच्या आरंभी हेडफोनमधूनही तो श्वास शोधून पाहता येतो.